नवी परफॉर्मन्स कार घेतली? मग पहिले १५०० किलोमीटर 'रेस' का द्यायची नाही?

गाडी दारात आली. हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं, पेढे वाटून झाले. आता मित्र म्हणणार, "चल, हायवेला काढ. बघू किती पळते!" नेमकं इथेच थांबायचं असतं. कारण नवीन इंजिन अजून 'सेट' व्हायचं असतं. यालाच म्हणतात रनिंग-इन.

आत नेमकं काय होतं?

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्यात ऑइल टिकून राहतं. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासत हळूहळू नीट बसतात. त्या नीट बसल्या नाहीत, तर गॅस खाली निसटतो, ताकद कमी होते आणि इंजिन ऑइल 'प्यायला' लागतं.

नियम काय सांगतो?

आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचंच घ्या. २०२२ मध्ये आलेल्या या गाडीचं १.५ लिटर टर्बो इंजिन १५० पीएस ताकद देतं. फोक्सवॅगनचा रनिंग-इनचा नेहमीचा नियम असा:

- पहिले १००० किमी: कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशच्या वर जायचं नाही. म्हणजे मर्यादा ६००० असेल तर ४०००. ऍक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही.
- १००० ते १५०० किमी: वेग आणि आरपीएम हळूहळू वाढवायचे.

बीएमडब्ल्यूच्या 'एम' गाड्यांना हाच काळ २००० किमीचा असतो. त्यानंतर खास सर्व्हिस करून इंजिन आणि डिफरेन्शियलचं ऑइल बदललं जातं.

मग अगदी हळूच चालवायची का?

नाही, ही दुसरी चूक. रिंगा भिंतीवर दाबल्या जायला इंजिनावर थोडा भार लागतो. तासन् तास ट्रॅफिकमध्ये उभी ठेवली किंवा एकाच वेगात दामटली, तर तो बदलता भार मिळत नाही.

समजा गाडी मीरा-भाईंदरमधल्या तारोडीत आहे. उत्तन-भाईंदर रस्त्यावर पहिली काही मिनिटं शांतपणे चालवा, इंजिन गरम होऊ द्या. काशीमिऱ्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागल्यावर वेग कमी-जास्त करा, गिअर बदलत राहा. घोडबंदरची कोंडी टळेल अशी पहाटेची वेळ उत्तम. वरच्या गिअरमध्ये गाडी रखडवू नका.

एवढं लक्षात ठेवा

या काळात ऑइलची पातळी अधूनमधून तपासा. नवे टायर आणि ब्रेक पॅडसुद्धा पहिले काहीशे किमी पूर्ण पकड देत नाहीत, त्यामुळे पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

'पहिल्या दिवसापासून जोरात पळवा, तरच इंजिन खुलतं' असं सांगणारेही भेटतील. पण वॉरंटी त्यांची नसते, कंपनीची असते. म्हणून शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचाच.