डाख : तांबटाच्या भट्टीपासून फ्रिजच्या पीसीबीपर्यंत

धातूस धातु जोडण्याच्या ज्या रीती मनुष्यास प्राचीन काळापासून ठाऊक आहेत, त्यांत डाख लावण्याची रीत सर्वांत सौम्य होय. लोहार दोन लोखंडें तापवून घणाखालीं एकजीव करितो. तांबट खिळे मारून पत्रे सांधतो. परंतु डाख लावणारा मूळ धातूस वितळवीतहि नाहीं आणि ठोकीतहि नाहीं. तो दोहोंच्या मध्यें तिसराच, लवकर वितळणारा धातु सोडतो, आणि तो निवतांच दोन्ही धातूंस धरून राहतो. 'झाळणें' हें क्रियापद व 'डाख' हें नाम सोनाराच्या पेढीवर आणि तांबटाच्या आळींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. तरीहि आज घरीं बसून फ्रिजच्या पीसीबीवर हेंच काम करणारा मुलगा त्यास 'सोल्डरिंग' म्हणतो, आणि आपण तांबटाचा धंदा करीत आहों हें त्याच्या गांवींहि नसतें.

या कामाचा सामान्य डाख म्हणजे कथील आणि शिसें यांचें मिश्रण. कथलाच्या खाणी महाराष्ट्रांत नाहींत. म्हणून कथील आमच्याकडे फार जुन्या काळापासून समुद्रावाटे आलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकावृत्तांत बारिगाझा, म्हणजे भडोच, येथें उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्याच्या जोडीस तांबें, कथील व शिसें हीं तिन्ही नमूद आहेत. त्याच शतकांत रोममध्यें प्लिनीनें दोन भाग शिसें व एक भाग कथील अशा मिश्रणाचा उल्लेख करून त्यानें पाण्याचे नळ सांधतात असें लिहून ठेविलें. शिसें ३२७ अंशांवर वितळतें व कथील २३२ अंशांवर. पण शेंकडा ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसें एकत्र केलें, तर तें मिश्रण दोहोंहूनहि कमी, म्हणजे १८३ अंशांवरच पाण्यासारखें होतें. ही किमया रसायनशास्त्रानें आंकड्यांत मांडली ती अलीकडे. कारागीर तिचा उपयोग त्यापूर्वीं निदान अठराशें वर्षें करीत होते.

दुसरी गोष्ट मळाची. तापलेल्या धातूवर हवेनें जी पुटी चढते, तिच्यावर डाख बसत नाहीं. तो पाऱ्यासारखा गोळा होऊन निसटतो. कल्हईवाला भांड्यांत नवसागर टाकतो तो याचसाठीं. मात्र नवसागर मागें राहिला म्हणजे तांबें खातो. म्हणून विजेच्या कामांत त्याच्या जागीं राळ आली. ही राळ डाखाच्या तारेच्या पोटांतच भरलेली असते, व काम करितांना जो धूर निघतो तो डाखाचा नसून तिचाच असतो. तो नाकांत जाऊं देऊं नये, हें येथेंच सांगितलेलें बरें.

आतां थंडीच्या कपाटाकडे वळूं. मुंबईनें बर्फ पाहिला तो १८३४ च्या सुमारास, अमेरिकेच्या तळ्यांतून कापून, लांकडाच्या भुशांत गुंडाळून जहाजानें आणलेला. हिंदुस्थानांत फ्रिज बनूं लागला तो त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं. १९५८ सालीं गोदरेज कंपनीनें तो मुंबईंत तयार केला. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची गंमत अशी कीं, कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून खालीं पाडून ज्या पोफळीस वीज होते, तें गांव याच जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यांत. तेथील पहिलें जनित्र १९६२ सालीं सुरू झालें. परंतु वीज जेथें उत्पन्न होते तेथेंच ती प्रथम पोंचते असा नियम नाहीं, आणि फ्रिज तर विजेच्याहि मागून आला.

त्या पहिल्या फ्रिजांत पीसीबी नव्हता. थंडी मोजण्यास वायूनें भरलेली एक बारीक नळी असे. गारव्यानें तो वायु आकसला कीं एक पट्टी सुटे व कॉम्प्रेसर थांबे. त्या यंत्रणेंत बिघडण्यासारखें फारसें नव्हतें, आणि बिघडलें तर कोणाहि हुशार मिस्त्रीस तें डोळ्यांनीं दिसे. पीसीबीची कथा निराळी. व्हिएन्नाचा पॉल आइस्लर हा यहुदी अभियंता १९३६ सालीं लंडनला आला, आणि तारांच्या गुंत्याऐवजीं पाटीवर चिकटविलेल्या तांब्याच्या पत्र्यांतून वीज खेळवावी अशी त्याची कल्पना. ती प्रथम मोठ्या प्रमाणावर उपयोगास आली ती दुसऱ्या महायुद्धांतील तोफगोळ्यांत. तेथून रेडिओ, दूरचित्रवाणी, आणि शेवटीं स्वयंपाकघर. इन्व्हर्टर पद्धतीच्या आजच्या फ्रिजांत कॉम्प्रेसरचा वेग, बर्फ वितळविण्याची वेळ व पंखा हें सर्व ती तळहाताएवढी पाटी ठरविते. आणि तिच्यावरील प्रत्येक भाग डाखाच्या एकेका ठिपक्यानें जागीं धरलेला असतो.

पाली हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर, जेथून कोल्हापूरची वाट नाणिजकडे फुटते तेथें आहे. गेल्या आषाढांत आमच्या तेथील घरीं फ्रिजचा दिवा लागे, पण कॉम्प्रेसर चालेना. ज्यांच्याकडून तो घेतला होता त्यांचा मनुष्य येऊन सांगून गेला कीं, या जातीची पाटी आतां मिळत नाहीं, नवा फ्रिज घ्यावा. आंत वर्षाचा आमरस गोठविलेला होता, म्हणून घरांत मोठी चिंता. तंत्रनिकेतनांत शिकणारा पुतण्या सुटीस आला होता. तो पाठीमागील झाकण काढतांना मला म्हणाला, "काका, प्लग काढला आहे, तरीहि पाटीला हात लावूं नका." आणि तें खरेंच होतें. २३० व्होल्टची वीज एकदिश होऊन साठली कीं कपॅसिटरवर सुमारें ३२५ व्होल्ट उभे राहतात, व प्लग निघाल्यावरहि ते कांहीं वेळ तसेच असतात. त्यानें तो रोध लावून रिकामा केला, मीटरनें पडताळून पाहिला, तारांचीं चित्रें मोबाइलवर टिपलीं, आणि मगच पाटी बाहेर काढली.

(पाटीवर एक मेलेली पालहि निघाली. गांवाच्या नांवाशीं तिचा संबंध जोडण्याचा मोह आम्हीं आवरला. दोष तिचा नव्हता.)

दोष भिंगाखालीं दिसला. रिलेच्या एका पायाभोंवतीं केसाएवढी गोल चीर पडली होती. असें कां होतें तें समजून घेण्यासारखें आहे. रिले जड असतो; कॉम्प्रेसर थरथरतो; पाटी, तांबें व डाख हीं तिन्हीं तापतांना निरनिराळ्या मानानें फुगतात. हा ताण दिवसांतून अनेकदां, वर्षानुवर्षें, त्या एका ठिपक्यानें सोसावयाचा. कोंकणांतील वीज ये-जा करिते म्हणजे त्यांत आणखी भर. पुतण्यानें जुना डाख राळ लावून तांब्याच्या जाळीनें टिपून घेतला, सुमारें ३५० अंश तापलेलें टोंक पायास व पाटीच्या कड्यास एकाच वेळीं दोनतीन सेकंद टेकविलें, आणि तार टोंकास न लावितां सांध्यास लाविली. डाख आपण होऊन आंत ओढला गेला व कांठास उतरता बसला. कल्हईवाल्याच्या हातांतील चिंधी भांड्यांत फिरते तेव्हां हेंच घडतें, असें मला तेव्हां वाटलें. मग स्पिरिटनें राळ पुसून, दमट हवेसाठीं वर रोगणाचा हात दिला.

येथें एक मतभेदाचा मुद्दा आहे. १ जुलै २००६ पासून युरोपांत विजेच्या घरगुती वस्तूंतील शिशावर बंदी आली. भारतांतहि २०११ च्या ई-कचरा नियमांनीं एकजिनसी भागांत हजारीं एक भाग ही मर्यादा घातली. तेव्हांपासून कथील, चांदी व तांबें यांचा डाख रूढ झाला. तो २१७ अंशांच्या पुढें वितळतो, दिसतो मळकट, व अनुभवी डोळ्यांसहि सांधा चांगला कीं वाईट हें फसवितो. यावरून पुष्कळ मिस्त्री म्हणतात कीं, शिसें गेलें आणि टिकाऊपणा गेला. मला हें मत अर्धवट वाटतें. शिशाच्या डाखाच्या काळांतील दूरचित्रवाणी-संचांतहि अशाच गोल चिरा पडत, आणि त्यांवरच गांवोगांवच्या दुरुस्तीच्या दुकानांचा संसार चाले. चीर ही जुनीच आहे. नवें आहे तें असें कीं, ती शोधण्याचें कोणी मनावर घेत नाहीं. शिशाचें विष लहान मुलांच्या मेंदूस बाधतें ही गोष्ट निर्विवाद असतां बंदीविरुद्ध तक्रार करणें मला पटत नाहीं.

खरी तक्रार पाटीच्या मालकीची आहे. तांबटाच्या हंड्याला भोंक पडलें तर तो हंडा कोणत्या तांबटानें घडविला हें विचारावें लागत नसे. पाटीचा नकाशा मात्र बनविणाऱ्याच्या तिजोरींत, सुटे भाग त्याच्या मर्जीवर, आणि मिस्त्रीच्या हातीं केवळ भिंग. युरोपीय संघानें १ मार्च २०२१ पासून फ्रिजच्या पाट्या व तापमापक भाग निदान सात वर्षें दुरुस्ती करणारांस मिळालेच पाहिजेत असा नियम केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें समिती नेमली व त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरास दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ उघडलें. परंतु माहिती मिळण्याची सोय ही भाग मिळण्याची हमी नव्हे. गाळण्यासाठीं नव्हे तर सांधण्यासाठीं वस्तु घेऊन येणारा मनुष्य कायद्याच्या नजरेस अजून पुरता पडलेला नाहीं.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. आजच्या पुष्कळ फ्रिजांत आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायु असतो. त्याच्या नळीशीं घरीं खेळ करूं नये. पाटी सोडवून दूर टेबलावर नेऊनच तिला डाख द्यावा. आमच्या पुतण्यानें तेंच केलें, आणि काम संपल्यावर जुन्या डाखाचे कण कागदावर गोळा करून डबींत भरले. आवारांत विहीर आहे, म्हणून ती डबी त्यानें रत्नागिरीस जातांना बरोबर नेली.