ठाणे खाडी व मुंबई बंदर यांचे संरक्षण

ठाणे खाडी व मुंबई बंदर यांचे संरक्षण : मुंबई बेट व कोकणची मुख्य भूमी यांमधील जलभागाच्या लष्करी व नागरी संरक्षणाचा इतिहास. साष्टी बेटाच्या पूर्वेस पसरलेली ठाणे खाडी दक्षिणेस मुंबई बंदराच्या विस्तीर्ण जलाशयात मिसळते, तर उत्तरेस ठाण्याजवळ एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीच्या मुखाशी जोडली जाते. खाडीच्या पश्चिम काठावर शिवडी, माहुल, तुर्भे (ट्रॉम्बे) व मानखुर्द आणि पूर्व काठावर ऐरोली, वाशी, बेलापूर ही स्थाने आहेत. खाडी उथळ असून तिच्या दोन्ही काठांवर चिखलाचे पट्टे व खारफुटीची दाट वने आहेत. मोठ्या युद्धनौकेस येथे शिरता येत नाही. परंतु लहान होडीस भरतीच्या वेळी कोठेही काठाला लागता येते. या जलमार्गाच्या संरक्षणाचे प्रश्न मुख्यत्वे या एकाच भौगोलिक वस्तुस्थितीतून उद्‌भवले आहेत.

पूर्वेतिहास : सतराव्या शतकात मुंबईच्या इंग्रजांना समुद्रावरील मोठ्या आरमारापेक्षा बंदराच्या आतील बाजूने येणाऱ्या लहान नौकांचे भय अधिक होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बंदराच्या मुखाजवळील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू करताच इंग्रजांनी त्यास विरोध केला. कारण त्या बेटावरून बंदरात ये-जा करणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवता येत असे. पुढे १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाचे सैन्य शिवडी येथे उतरले. माझगावपर्यंतचा प्रदेश त्याने व्यापला आणि इंग्रजांना कित्येक महिने किल्ल्याच्या आश्रयाने राहावे लागले. १६९० मध्ये हा वेढा उठला. हल्ला खाडीच्या बाजूने आला होता, ही बाब लक्षणीय आहे.

अठराव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ठाण्यास किल्ल्याचे काम हाती घेतले. कारण साष्टीत शिरण्याची वाट तेथे सर्वांत अरुंद होती. तथापि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली आणि चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली १७३९ मध्ये वसई जिंकून ही मोहीम पूर्ण झाली. खाडीचे दोन्ही काठ मराठ्यांकडे गेल्याने मुंबईच्या इंग्रजांची चिंता वाढली. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला व सालबाईच्या तहान्वये (१७८२) साष्टी आपल्याकडे राखली. मुंबई सुरक्षित राहावयाची, तर समोरचा काठही आपल्या ताब्यात किंवा निदान मित्राच्या हाती असला पाहिजे, हे सूत्र या घडामोडींतून स्पष्ट होते. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यानंतर हे सूत्र विस्मृतीत गेले; कारण समोरच्या काठावर शत्रू उरला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाडीच्या दोन्ही काठांवरील मालमत्तेचे स्वरूप बदलले. माहुल येथे १९५० नंतर तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पूर्व काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा विकसित झाला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईच्या उभारणीस प्रारंभ झाला व १९७३ मध्ये वाशी येथील पहिला खाडीपूल वाहतुकीस खुला झाला. १९९२ मध्ये वाशीपर्यंत रेल्वे आली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ पासून कार्य करू लागले. अशा रीतीने जी खाडी एके काळी मुंबईचा खंदक होती, ती महानगराच्या मध्यभागी आली.

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात मुंबई हा भारताच्या पश्चिम नौदलाचा प्रमुख तळ होता. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ व ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीच्या परिसरात पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका व ‘मुहाफिज’ ही सुरुंगनाशक नौका बुडविली. या पराक्रमाच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळला जातो. ९ डिसेंबर रोजी मात्र ‘खुकरी’ ही फ्रिगेट नौका दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली व तीवरील १९४ अधिकारी आणि नौसैनिक मृत्युमुखी पडले. या युद्धात मुंबईचे रक्षण बंदरापासून शेकडो किमी. दूर, भर समुद्रात झाले. त्यामुळे संरक्षणविषयक विचारात दूरच्या समुद्रास प्राधान्य मिळाले व जवळचा किनारा दुय्यम ठरला.

किनारा सुरक्षेचा प्रश्न : या विचारातील उणीव १९९३ मध्ये उघड झाली. त्या वर्षाच्या प्रारंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स हे स्फोटक द्रव्य उतरविण्यात आले आणि १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ लोक मरण पावले. हा माल उतरविण्याच्या कामी सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही व्यक्तींचे साहाय्य झाल्याचे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल व पोलीस यांच्या संयुक्त गस्तीची ‘ऑपरेशन स्वान’ ही योजना अंमलात आली. २००५ पासून किनारा सुरक्षा योजनेखाली सागरी पोलीस ठाणी व गस्ती नौका देण्यास सुरुवात झाली.

तथापि २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही बळकावलेली मासेमारी नौका वापरून मुंबईजवळ आले व रबरी होडीतून कफ परेड येथील मच्छीमार वसाहतीजवळ उतरले. तेथील कोळ्यांनी या अनोळखी तरुणांना पाहिले व हटकलेही होते. परंतु ही माहिती वेळीच कारवाई होईल अशा रीतीने वरपर्यंत पोहोचली नाही. या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने गुप्तवार्तांची हाताळणी व यंत्रणांमधील समन्वय यांतील दोष दाखवून दिले.

२००९ मध्ये किनारा सुरक्षेसह समग्र सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. प्रादेशिक जलधीतील किनारा सुरक्षेचे काम तटरक्षक दलाकडे आले. नौदल तळांच्या रक्षणासाठी ‘सागर प्रहरी बल’ उभारण्यात आले. किनाऱ्यावर ४६ स्थिर रडार केंद्रांची पहिली साखळी पूर्ण झाली आणि २०१४ मध्ये गुरुग्राम येथे माहितीचे संकलन व विश्लेषण करणारे केंद्र सुरू झाले. मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली व त्यांच्या नौकांची नोंदणी सक्तीची झाली.

यंत्रांची मर्यादा : या यंत्रणेची कसोटी पुढील काही घटनांनी लागली. ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ हे सोडून दिलेले तेलवाहू जहाज समुद्रातून वाहत येऊन जुहूच्या किनाऱ्यास लागले, तोपर्यंत ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वर येथे रायफली असलेली एक बेवारस नौका किनाऱ्यास लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतहून निघालेले तीन भारतीय मच्छीमार एका नौकेतून मुंबई बंदरापर्यंत येऊन पोहोचले. या घटनांत घातपाताचा हेतू नव्हता. पण असा हेतू असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. याउलट सप्टेंबर २०१६ मध्ये उरण येथील शाळकरी मुलांनी सशस्त्र माणसे पाहिल्याचे सांगताच व्यापक शोध घेण्यात आला. त्यात काही आढळले नाही. तरी माहिती तत्काळ वर पोहोचल्याचे दिसून आले.

आधुनिक युद्धाने आणखी एक आघाडी उघडली आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनला लक्ष्य करून सोडलेल्या ‘नॉटपेट्या’ या संगणकीय विषाणूमुळे मर्स्क या डॅनिश कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्याशी संबंधित असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळित झाले. दूर देशांतील युद्धाचा फटका न्हावा-शेव्यास बसला व त्यासाठी एकही नौका यावी लागली नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीजपुरवठा खंडित झाला. तो परकीय संगणकीय घातपाताचा प्रकार होता की मानवी चूक, याविषयी राज्य व केंद्र शासनांत मतभेद राहिले. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम योजण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रातील अतिसंवेदनशील स्थळांत मुंबई व तारापूर यांबरोबर उरणचाही समावेश होता.

समालोचन : तीन शतकांच्या या इतिहासात एक गोष्ट वारंवार आढळते. १६८९ मध्ये शिवडीस, १९९३ मध्ये शेखाडीस व २००८ मध्ये कफ परेडला धोका लहान नौकांतून आणि दुर्लक्षित काठावरून आला. अशा काठावर रात्रंदिवस असणारा माणूस म्हणजे कोळी. म्हणूनच शासनाने मच्छीमारांना किनारा सुरक्षेचे ‘डोळे व कान’ म्हटले आणि सागर रक्षक दलांत त्यांना सामील करून घेतले. परंतु भराव, सांडपाणी व पूल यांमुळे ठाणे खाडीतील त्यांची मासेमारी आक्रसत गेली. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलामुळे उपजीविकेस बाध येतो म्हणून तेथील मच्छीमारांची सहकारी संस्था न्यायालयात गेली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा भरपाईचा हक्क मान्य केला व असे धोरण आखण्याचा आदेश दिला. हा निर्णय उपजीविकेविषयीचा असला, तरी त्याचा संबंध संरक्षणाशीही पोहोचतो. ज्याची होडी खाडीत उतरत नाही, त्याला खाडीत काय चालले आहे हे दिसत नाही. रडार नौकेचे स्थान दाखविते. तीत बसलेला माणूस परका आहे, हे मात्र काठावरचा माणूसच ओळखतो.