बहुमत आणि बहुसंख्या : श्रीलंकेच्या इतिहासाचे एक अवलोकन

लोकशाहीत निर्णय बहुमताने व्हावेत, हे सर्वमान्य तत्त्व होय. परंतु ‘बहुमत’ आणि ‘बहुसंख्या’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. बहुमत हे मतांचे असते. आज अल्पमतात असलेला पक्ष उद्या सत्तेवर येऊ शकतो. बहुसंख्या मात्र जन्माने व भाषेने ठरते. निवडणुकीने तिच्यात पालट होत नाही. हा भेद विसरल्यास राष्ट्राला केवढी किंमत मोजावी लागते, हे शेजारच्या श्रीलंकेच्या इतिहासावरून दिसून येते.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी तत्कालीन सिलोन स्वतंत्र झाला. तेथे प्रौढ मताधिकार १९३१ पासूनच होता. लोकसंख्येत सिंहली सुमारे ७० टक्के होते. तमिळ भाषिकांचे दोन वर्ग होते : एक उत्तर व पूर्व भागांत शतकानुशतके राहणारा, दुसरा ब्रिटिशांनी मळ्यांवरील कामासाठी दक्षिण भारतातून नेलेल्या मजुरांचा. इतरांवर नसलेले निर्बंध संसदेने कोणत्याही एका समाजावर लादू नयेत, असे संरक्षण राज्यघटनेच्या कलम २९ मध्ये होते. तरीही त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरील सुमारे ७ लाख लोक नागरिकत्वास मुकले. पाठोपाठ त्यांचा मताधिकारही गेला. कायद्यात कोणत्याही समाजाचे नाव नव्हते. म्हणूनच १९५३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही तो वैध ठरविला.

कारभारातून इंग्रजी जावी, ही मागणी रास्तच होती. परंतु १९५६ साली पंतप्रधान बंदरनायके यांच्या सरकारने तिच्या जागी केवळ सिंहली आणली. दोन भाषा मानल्यास एक राष्ट्र राहील, एकच मानल्यास दोन राष्ट्रे होतील, असा इशारा डाव्या पक्षाचे नेते कोल्विन डिसिल्वा यांनी दिला होता. पुढे बंदरनायके यांनाही परिस्थितीची जाणीव झाली. जुलै १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. विरोधी पक्षाने त्याविरुद्ध आंदोलन उभारले, भिक्षूंनी धरणे धरले आणि एप्रिल १९५८ मध्ये करार रद्द झाला. पुढच्याच महिन्यात भीषण दंगली उसळल्या. १९६५ साली पक्षांच्या भूमिका बदलल्या. डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी तडजोड केली, तेव्हा बंदरनायके यांच्या पक्षाने तिला विरोध केला. दोन्ही पक्षांना सिंहली मतांचीच गरज असल्याने तडजोड करणारा प्रत्येक जण तोट्यात जाई. व्यक्तींच्या स्वभावापेक्षा दोष या रचनेचा अधिक होता.

१९७२ च्या नव्या राज्यघटनेत कलम २९ चे संरक्षण उरले नाही. त्याच सुमारास विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ विद्यार्थ्यांना अधिक गुणांची अट लागू झाली. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७,००० ग्रंथ भस्मसात झाले. जुलै १९८३ च्या हत्याकांडानंतर पेटलेले यादवी युद्ध मे २००९ पर्यंत चालले. त्यात ८० हजार ते १ लाख माणसे बळी पडल्याचा अंदाज आहे.

अन्याय सोसणारा समाज आपोआप न्यायी होतो, असेही नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये तमिळ वाघांनी उत्तर प्रांतातील सुमारे ७०,००० मुस्लिमांना घरेदारे सोडावयास लावली. जेथे ज्याची संख्या व शक्ती अधिक, तेथे त्याच्याकडून दुर्बलाची उपेक्षा होऊ शकते.

१९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने तमिळ भाषेलाही राजभाषेचा दर्जा मिळाला. मळ्यांवरील उरलेल्या नागरिकत्वहीन कुटुंबांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने बव्हंशी सुटला. म्हणजे जे प्रारंभीच देता आले असते, तेच अनुक्रमे ३१ व ५५ वर्षांनी द्यावे लागले. मधल्या काळातील हानी मात्र भरून निघाली नाही. बहुमताला राज्य करण्याचा अधिकार अवश्य आहे. परंतु भाषा, नागरिकत्व आणि शिक्षण हे विषय हात वर करून मोजणीने निकालात काढावयाचे नसतात. त्यांना घटनेचे संरक्षण हवे, आणि त्या संरक्षणाची राखण करण्याचे कर्तव्य संख्येने मोठ्या असणाऱ्यांवर प्रथम येते.