लिनक्सवर आवाज येत नाही? आधी तो कुठे जातोय ते पाहा

व्हिडिओ सुरू आहे, व्हॉल्यूम फुल्ल आहे, तरी स्पीकर गप्प! अशा वेळी अनेकदा बिघाड काहीच नसतो. आवाज भलत्याच उपकरणाकडे जात असतो. म्हणून सगळी सिस्टिम पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी काही गोष्टी तपासून पाहा.

आवाज जातो कसा?

कर्नलमधली 'अल्सा' ही यंत्रणा साउंड कार्ड चालवते. तिच्या वर 'पल्सऑडिओ' किंवा 'पाइपवायर' हा साउंड सर्व्हर असतो. कोणत्या ॲपचा आवाज कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा, हे तो ठरवतो. फेडोराने २०२१ मध्ये आणि उबुंटूने २०२२ मध्ये पाइपवायर डिफॉल्ट केला.

काय तपासावे?

१. सेटिंग्जमध्ये 'साउंड' उघडून आउटपुट उपकरण पाहा. एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला असेल, तर तोही या यादीत येतो. तो निवडलेला असेल आणि त्यात स्पीकरच नसेल, तर आवाज ऐकू येणार नाही.

२. उपकरण बरोबर असूनही एकाच ॲपचा आवाज येत नसेल, तर 'पाव्हूकंट्रोल' हे प्रोग्रॅम इन्स्टॉल करा. ॲपमध्ये काहीतरी वाजत ठेवून 'प्लेबॅक' टॅब पाहा. साउंड सर्व्हर प्रत्येक ॲपसाठी आधी निवडलेले उपकरण लक्षात ठेवतो. त्यामुळे डिफॉल्ट बदलले तरी ते ॲप जुन्याच उपकरणाला चिकटून राहू शकते. इथे ते बदलता येते.

३. हवे ते उपकरण यादीतच नसेल, तर 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये त्या कार्डचे प्रोफाइल पाहा. ते 'ऑफ' असेल किंवा फक्त एचडीएमआयवर असेल, तर 'ॲनालॉग स्टिरिओ' निवडा.

४. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवा आणि एफ६ दाबून कार्ड निवडा. पट्टीखाली 'एमएम' दिसले, तर ते चॅनल म्यूट आहे. 'एम' दाबून ते सुरू करा.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज फोनवरच्यासारखा दबका येत असेल, तर माइकमुळे ते 'हेडसेट' प्रोफाइलवर गेलेले असू शकतात. संगीतासाठी 'ए२डीपी' निवडा.

यादीत फक्त 'डमी आउटपुट' दिसत असेल तर?

साउंड सर्व्हरला एकही वापरता येणारे उपकरण सापडलेले नाही, असा याचा अर्थ. आधी लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. तरीही तेच दिसले, तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअरकडे वळा. उपकरण यादीत नीट दिसत असेल, तर मात्र ड्रायव्हरला हात लावण्याची घाई करू नका.