गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

गेल्या महिन्यात एका बातमीसाठी वाईहून पाचगणीला निघालो होतो. गाडी २०१२ ची, चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. सपाटीला अगदी मुकाट चालली. पसरणीच्या घाटात तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला आणि ती आधी अडखळली, मग अंगात ताप भरल्यासारखी थरथरायला लागली. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकत होता. मागून एसटी हॉर्न देतेय, पुढे वळण. गाडी कशीबशी कडेला घेतली.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा दिवा नुसता लागून राहिला तर एक-दोन दिवसांत गाडी दाखवा. पण तो लुकलुकत असेल तर लगेच पाय काढा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो भाग जळून जातो. तो गाडीतल्या सर्वांत महागड्या सुट्या भागांपैकी एक.

जिल्ह्याच्या गावच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये गाडी नेली. पोरानं स्टिअरिंगखाली मशीन लावलं, ‘पी ०३०२’ असा कोड वाचला आणि कागद हातात दिला. चारही कॉइल, चारही इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी. ४१ हजार रुपये. ‘‘नक्की काय बिघडलंय?’’ असं विचारलं, तर म्हणाला, ‘‘सर, कोड आलाय ना.’’

मी गाडी परत आणली आणि एसटी स्टँडमागच्या आमच्या उस्तादांकडे गेलो. या ‘कोड आलाय ना’मागे मोठा इतिहास आहे, तो मला त्यांच्या गॅरेजमध्ये बसून समजला.

उस्ताद तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात शिकले. तेव्हा टॅक्सी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी. पेट्रोल आणि हवा मिसळायला कार्ब्युरेटर, ठिणगीची वेळ साधायला डिस्ट्रिब्युटर आणि त्यात पॉइंट. कार्ब्युरेटरमध्ये बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवायची युक्ती जर्मनीच्या विल्हेल्म मायबाखची, १८९३ ची. पॉइंट आणि बॅटरीवर चालणारं इग्निशन अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगचं, ते १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आलं. म्हणजे आपल्याकडे १९८० साली रस्त्यावर धावत होतं ते मूळचं पाऊणशे वर्षांपूर्वीचं ज्ञान. पण ते उघडं होतं. बॉनेट वर केलं की सगळं समोर.

गाडी अडखळली की उस्ताद इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायचे. वायर काढल्यावर इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. मग त्या सिलिंडरचा प्लग काढायचा. काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरका असेल तर कमी, ओला असेल तर ठिणगीच पडत नाही. याला सगळा महाराष्ट्र ‘मिसिंग’ म्हणतो. गाडी मिसिंग मारते. चार ठोक्यांतला एक ठोका गळतो आणि तो कानाला कळतो.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. सिलिंडर तीन, ७९६ सीसी. तरी कार्ब्युरेटर होता तोवर उस्तादांचा कान तिथेही चालला. खरा बदल गॅरेजात झाला नाही, तो दिल्लीत कोर्टात झाला. दिल्लीच्या हवेबद्दलच्या एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९९ च्या एप्रिलमध्ये आदेश दिला: राजधानी परिसरात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ च्याच नव्या गाड्या नोंदवायच्या. त्याआधी, १ एप्रिल १९९५ पासून, चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलंच होतं. शिसं त्या कन्व्हर्टरला विषासारखं.

कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोल ठरावीक मापातच लागतं. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. कार्ब्युरेटरला हे माप सतत सांभाळता येत नाही. त्यासाठी सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, त्याचं ऐकणारा छोटा संगणक आणि त्याच्या हुकमाने पेट्रोल सोडणारे इंजेक्टर लागतात. धुराचे नियम कडक होत गेले तशी आपली बॉनेटं बंद पेटीसारखी होत गेली. हवा सुधारायची तर हे करणं भागच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हा संगणक स्वतःचं दुखणं ओळखून कोड सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने धुरासाठी त्याचा आग्रह धरला आणि १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या कारना एकच सॉकेट आणि सामाईक कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे २०१० पासून बीएस-४ सोबत ते टप्प्याटप्प्याने आलं. ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय.

हे संगणकाला कळतं कसं? प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. एखादा पेटला नाही की शाफ्ट क्षणभर मंदावतो आणि तो मंदावलेला क्षण सेन्सर टिपतो. म्हणजे संगणकही तेच करतो जे उस्तादांचा कान करायचा. ठोका गळलेला ओळखतो. का गळला, ते तो सांगत नाही. ठिणगी नसेल, पेट्रोल पोचत नसेल, कुठून तरी फाजील हवा शिरत असेल किंवा कॉम्प्रेशन गेलं असेल. कोड या सगळ्यांना एकच.

उस्ताद म्हणाले, ‘‘पत्रकारसाहेब, मशीन खोटं बोलत नाही. पण अर्धंच बोलतं.’’

मग त्यांच्या पुतण्याने मोबाईलला जोडायचा साधा स्कॅनर लावला. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसला आणि आम्ही घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत जाऊन आलो. गाडी तशीच थरथरली, पण आता कोड आला ‘पी ०३०३’. दुखणं कॉइलबरोबर सरकलं, म्हणजे खराब कॉइलच. कोड दुसऱ्यावरच राहिला असता तर त्याच रीतीने प्लग बदलून पाहायचा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन.

प्लग काढले तर चारही झिजलेले, मधली फट वाढलेली. फट वाढली की ठिणगीला जास्त दाब लागतो आणि कॉइल ताणून ताणून मरते. घाटात लोड वाढल्यावर सिलिंडरमधला हवेचा दाब वाढतो आणि ठिणगी उडणं आणखी अवघड होतं. म्हणून सपाटीला गाडी ठीक आणि चढाला थरथर. नुसती कॉइल बदलून जुने प्लग ठेवले असते तर तीही लवकरच गेली असती. एक कॉइल, चार प्लग, मजुरी धरून ४,१५० रुपये.

‘‘आजकाल सगळे इथेनॉलला शिव्या देतात,’’ पुतण्या म्हणाला. आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं, हा विषय आपल्या घरचाच. २००३ साली काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, आता पंपावर २० टक्के आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, ते ओलावा धरतं आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या रबरी नळ्यांना सोसेलच असं नाही. मायलेजची तक्रार खोटी नाही. पण प्रत्येक झटका इथेनॉलचा नसतो. प्लग न तपासता इथेनॉलला दोष देणं आणि कोड वाचून ४१ हजारांचा कागद देणं, दोन्ही एकाच जातीचं काम.

निघताना गॅरेजच्या कोपऱ्यात एक अलीकडची गाडी दिसली, धूळ खात उभी. दुखणं उस्तादांना कळलंय, भागही मिळालाय, पण तो बसवून गाडीच्या संगणकाला ओळख करून द्यायची तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते उस्तादांना मिळत नाही. पन्नास वर्षं इंजिन ऐकणारा माणूस तिथे हात टेकतो.

हाच प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला होता. २०११ मध्ये तक्रार झाली आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजांना द्या, असं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल उघडलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल उघडलं म्हणून आमच्या स्टँडमागचं कुलूप उघडलेलं नाही. दुरुस्तीचा हक्क कायद्याने, सक्तीने मिळायला हवा. नाहीतर दहा वर्षांनी तालुक्याच्या गावात सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला ४१ हजारांच्या कागदाशिवाय दुसरा रस्ता राहणार नाही.

तोवर आपल्या हातात एवढंच: कोड विचारा, तो लिहून घ्या, कुठला भाग कशावरून खराब ठरवला ते विचारा, आणि काढलेला भाग परत मागा. उत्तर ‘कोड आलाय ना’ एवढंच आलं तर चावी परत घ्या.

तुमच्या गावातल्या उस्तादांना कुठल्या गाडीपुढे हात टेकावे लागले, ते खाली जरूर लिहा. मला त्याची बातमी करायची आहे.