खोकं, खोली आणि कान: घरच्या स्पीकरची शंभर वर्षं

मागच्या काही भागांनंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "घरी चांगली स्टीरिओ सिस्टीम लावायची आहे, स्पीकर कुठले घेऊ?" मीही सध्या त्याच शोधात आहे. शहाडचा वन बीएचके, बजेट ८० हजार, आणि घरात ऐकणारे तिघं. पण मॉडेलची नावं वाचून दाखवण्याआधी इतिहास बघू, कारण दुकानात जे प्रश्न पडतात त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिथे आधीच मिळालेली आहेत.

सुरुवात एका शब्दापासून. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला आपण 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. खरखर घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण खिडक्या हादरवणाऱ्या यंत्राला दिलं! चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय.

आता मागे जाऊ. सुरुवातीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. सुई थरथरायची, त्या थरथरीने एक पातळ पडदा हलायचा आणि कर्णा तो आवाज खोलीत पोचवायचा. खर्ज जवळपास गायबच. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पाया घातला: लोहचुंबक, त्यात तारेची गुंडाळी, गुंडाळीला चिकटवलेला कागदी शंकू. तुमच्या टीव्हीत, रिक्षात, ब्लूटूथच्या डबीत आजही बहुतेक हेच तत्त्व चालतं.

दोनच वर्षांनी, २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. पुढे घराघरांत रेडिओ आला. आपल्या ठाण्यात मर्फीचा कारखाना होता, आणि ते मर्फीचं बाळ तर आजी-आजोबांच्या पिढीला घरातलंच वाटायचं. त्या काळचे रेडिओ आठवा: मोठं लाकडी खोकं, मागची बाजू जवळपास उघडी, आत एक स्पीकर. यातच एक अडचण लपलेली होती. शंकू पुढे सरकला की पुढे हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागे ती विरळ होते. खालच्या सुरांत या दोन लाटा वळून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून खर्ज हवा तर पुढची नि मागची हवा वेगळी ठेवणारं खोकं लागतं. मग त्या काळातल्या शौकिनांच्या घरी कपाटाएवढे स्पीकर असायचे.

ही कोंडी १९५४ मध्ये एडगर विलचर यांनी फोडली. त्यांनी खोकं लहान केलं, पूर्ण बंद केलं, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरलं. लहान खोक्यातून खोल खर्ज! पण फुकट काहीच मिळत नाही. हा स्पीकर वाजवायला जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर लागायचा. पुढे अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: खोल खर्ज, लहान खोकं, आणि थोड्या पॉवरमध्ये मोठा आवाज. तिन्हींतलं कुठलंही दोन घ्या, तिसरं सोडा. मूठभर आकाराच्या स्पीकरला 'थिएटरसारखा बेस, तोही भरपूर मोठ्याने' असं कोणी म्हणालं, तर हा नियम आठवा.

१९५७ मध्ये इंग्लंडच्या क्वाड कंपनीने वेगळीच वाट धरली. शंकू नाही, खोकंही नाही, फक्त विद्युतभारावर हलणारा एक अतिशय पातळ पडदा. मानवी आवाज त्यावर इतका स्वच्छ यायचा की आजही लोक त्याचं नाव घेतात. पण खर्ज कमी, आणि फार मोठ्याने वाजवायची सोय नाही. आपल्या पुण्यात केडन्स नावाच्या कंपनीनं याच तत्त्वाचा पडदा आणि साधा वूफर यांची जोडी जमवून हाय-एंड स्पीकर बनवले. म्हणजे हा काही फक्त गोऱ्या साहेबाचा छंद नाही.

आता आकड्यांकडे येऊ. १९५६ मध्ये एमआयटीत शिकणाऱ्या अमर बोस यांनी कागदावरचे आकडे बघून एक उत्तम सिस्टीम विकत घेतली. बोस व्हायोलिन शिकलेले, त्यामुळे व्हायोलिन लावलं नि त्यांचा विरसच झाला. आकडे चांगले, आवाज वाईट, हे कसं? या एका प्रश्नातून त्यांचं संशोधन सुरू झालं आणि १९६४ मध्ये कंपनी उभी राहिली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॅट छापलेले असायचे. तो आकडा प्रत्यक्षात सलग मिळणाऱ्या ताकदीबद्दल जवळपास काहीच सांगत नसे. एक हिशोब लक्षात ठेवा: वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ५० ऐवजी १०० वॅटसाठी पैसे मोजताना एवढाच फरक विकत घेताय.

आणि लेबल? आमच्या शेजारच्या उल्हासनगरबद्दलचा 'मेड इन यूएसए'वाला जुना विनोद तुम्हाला माहीत असेलच: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! फाळणीत सगळं गमावून आलेल्या लोकांनी लष्कराच्या रिकाम्या छावणीत बाजार उभा केला, त्या हिकमतीला माझा सलाम. पण लेबल बघून कान बदलतात, हे जगभर खरं आहे. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. पडद्याआड चांगले गुण मिळवणारा लहान, स्वस्त संच डोळ्यांना दिसला तशी त्याची किंमत लोकांच्या कानांतच घसरली. आणि ही माणसं एका स्पीकर कंपनीत काम करणारी होती!

आता येऊ खोलीकडे, म्हणजे माझ्या खऱ्या अडचणीकडे. आमचा हॉल १० बाय १२ फूट. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्यावरून गणित केलं तर १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो, १२ फुटांच्या भिंतींमध्ये ४७ च्या. म्हणजे मोठा, उभा स्पीकर आणला तर या सुरांवर खोलीच घुमणार. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की आणखीच.

हे घुमणं मला का टाळायचंय? कारण तिघांतले एक बाबा आहेत. त्यांनी तीस वर्षं एका कारखान्यात मशीनपाशी काढली. अशा गोंगाटात राहिलेल्या कानांची ताकद बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी जाते. स, श, त, च या अक्षरांची ओळख पटते ती साधारण याच भागात. म्हणून त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. व्हॉल्यूम वाढवून उपयोग नाही, कारण घुमणारा खर्ज वरच्या सुरांना झाकून टाकतो. अभंग लागला की चाल ओळखतात, टाळावर मान डोलावतात, आणि मग विचारतात, "काय म्हणाला रे?" माझं अख्खं बजेट या एका प्रश्नासाठी आहे.

याचं उत्तर इतिहासातच सापडलं. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअरांना बाहेरच्या प्रसारणाच्या व्हॅनसाठी स्पीकर हवा होता. व्हॅनमध्ये जागा नाही, म्हणून खोकं जेमतेम एक फूट उंच. खोल खर्ज त्यांनी सरळ सोडून दिला आणि सगळी मेहनत मधल्या सुरांवर, माणसाच्या बोलण्यावर घेतली. बीबीसीत स्पीकर तपासायची एक जुनी पद्धत होती: ओळखीच्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि तो त्याच्यासारखाच वाटतो का ते ऐकायचं. एलएस ३/५ए नावाचं ते खोकं आजही जगभर पूजलं जातं. व्हॅनची खोली आणि आमचा हॉल, फार फरक नाही!

तेव्हा माझं ठरलंय. मजल्यावर उभे राहणारे टॉवर नकोत. लहान, टू-वे, स्टँडवर ठेवायचे, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण. पडदे जाड, खाली सतरंजी. यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा सगळ्यात उपयोगी.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा एवढं करा. फोनवर घरच्या माणसाचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून न्या. सोबत तानपुरा, तबला आणि तुम्हाला तोंडपाठ असलेलं एक गाणं. दोन्ही स्पीकर सारख्याच आवाजावर लावायला सांगा, कारण जरा मोठा वाजणारा कानाला नेहमीच चांगला वाटतो. डोळे मिटा. किंमत नंतर विचारा. मी आईचं बोलणं रेकॉर्ड केलंय, वरण-भातापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं आहे त्यात. येत्या रविवारी बाबांनाच घेऊन जातोय. ज्या स्पीकरवर त्यांना न विचारता शब्द कळतील, तो आमचा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, आवाज जरा कमी ठेवा!