विणकर कोण? : कागल परिसरातील हिवाळी लोकरकामाचा ऐतिहासिक विचार

मराठीत ‘विणणे’ ह्या एकाच क्रियापदाचा व्याप फार मोठा आहे. मागावर कापड विणले जाते, बाज विणली जाते, चटई विणली जाते आणि थंडीच्या तोंडाशी लहान मुलाचे लोकरीचे टोपडेही विणलेच जाते. क्रिया कोणत्या साधनाने होते, ह्याची भाषेने येथे फारशी दखल घेतलेली नाही. कर्त्याच्या नामाची गोष्ट मात्र निराळी आहे. ‘विणकर’ म्हटले की मागावर बसलेला कारागीर डोळ्यांपुढे येतो. क्रोशाची सुई हाती घेऊन बसलेल्या स्त्रीला विणकर म्हणण्याचा प्रघात नाही. हा भेद केवळ शब्दापुरता नाही. कोणाच्या श्रमास धंदा म्हणावे आणि कोणाच्या श्रमास विरंगुळा, ह्याविषयी समाजाने केलेल्या निवाड्याची ती खूण होय. ह्या निवाड्याचा इतिहास तपासण्यास कोल्हापूर जिल्ह्यातील कागलचा परिसर विशेष सोयीचा आहे. कारण विणकामाच्या तीन परंपरा येथे थोड्या कोसांच्या टापूत एकत्र आल्या आहेत.

त्यांपैकी सर्वांत नवी परंपरा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व पुढे त्याच्या वसाहती राज्यभर पसरल्या. कागलच्या वसाहतीत ओतशाळा व यंत्रशाळांबरोबर तलम सुती शर्टिंगचे कारखानेही उभे राहिले. इटलीतील झाम्बाइती समूहाच्या भागीदारीत रेमंडने उभारलेला कारखाना त्यांपैकी एक. तुर्कस्तानच्या सोक्ताश कंपनीने उभारलेला आणि २०१९ मध्ये ग्रासिमने विकत घेतलेला कारखाना हा दुसरा. यंत्रोद्योगाचा कापसाकडे असलेला हा ओढा ह्या मुलखाला नवा नाही. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ मध्ये जन्मलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०६ साली ज्या गिरणीचा पाया घातला, तीही सूत व सुती कापडाचीच होती.

दुसरी परंपरा ह्याहून फार जुनी, म्हणजे घोंगडीची. दख्खनी मेंढीची लोकर काळसर, जाड व आखूड असते. धनगर ती कातरतात, घरच्या स्त्रिया चरख्यावर तिचे सूत काढतात आणि सनगर व खुटेकर विणकर ते मागावर चढवतात. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देण्याची रीत आहे. त्यामुळे केसाळ धागा ताण सोसतो आणि घोंगडीला तिचा ओळखीचा ताठपणा येतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, त्यातल्या त्यात मऊ. म्हणून जावळाच्या घोंगडीला मान अधिक. ह्या लोकरीचे लोकजीवनातील स्थान पाहावयाचे असेल, तर हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा पाहावी. शरद ऋतूत भरणाऱ्या ह्या यात्रेत भंडारा व खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. जी वस्तू देवावर उधळावयाची, ती त्या समाजाच्या संपत्तीचे सार होय, हे निराळे सांगावयास नको.

तिसरी परंपरा क्रोशाची. घोंगडीच्या मुलखात लोकरीचे क्रोशाकाम रुजले, म्हणजे ते घोंगडीच्याच लोकरीतून उगवले असावे, असा तर्क प्रथमदर्शनी सुचतो. तो टिकत नाही. क्रोशाच्या सुईला पुढे लहानसा आकडा असतो. प्रत्येक टाक्याला धागा त्या आकड्यात धरून आधीच्या फासातून ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी धागा गुळगुळीत, समान जाडीचा व दोन-तीन पदरी पिळाचा हवा. हाताने कातलेला दख्खनी लोकरीचा एकपदरी धागा केसाळ असल्याने आकड्यात अडकतो व उसवतो. शिवाय हिवाळी क्रोशाकामाच्या वस्तू मुख्यतः कान, गळा व तान्ह्या मुलाचे अंग ह्यांसाठी असतात, आणि तेथे हा धागा टोचतो. मागावर जो गुण, तोच सुईवर दोष ठरतो. म्हणून क्रोशा ह्या मुलखात आला तो बाजारच्या लोकरीबरोबर.

क्रोशाचा स्वतःचा इतिहासही समजला जातो तितका प्राचीन नाही. लिस पालुदान ह्या डॅनिश संशोधिकेने केलेल्या चिकित्सेनुसार १८०० पूर्वी युरोपात क्रोशाकाम होत असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही. ‘पेनेलोपे’ ह्या डच नियतकालिकात १८२३ च्या सुमारास क्रोशाच्या पिशव्यांचे नमुने छापले गेले. कापडावर आकड्याने साखळीचा टाका घालण्याच्या भरतकामातून, कापड वगळून, हे काम निघाले असावे, असा एक तर्क आहे. कच्छमधील मोची कारागिरांचे आरीकाम त्याच जातीचे असल्याने भारतीय अभ्यासकाला तो तर्क विचारार्ह वाटेल. तथापि तो सिद्ध झालेला नाही. दुसरा उल्लेख ह्या लेखाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे. स्कॉटलंडमधील एलिझाबेथ ग्रँट हिच्या आठवणींत १८१२ च्या संदर्भात आकड्याने केलेल्या जाड लोकरी कामाला ‘मेंढपाळांचे विणकाम’ असे नाव आले आहे. म्हणजे तेथे आकडा व मेंढपाळाची लोकर ह्यांची गाठ पडली. येथे धनगराची लोकर मागाकडे गेली आणि आकडा परक्या लोकरीसह घरात आला. दोन मेंढपाळ मुलखांतील हा फरक लोकरीच्या पोताने घडवला.

आकडा आला तो एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व मिशनरी संपर्कातून. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले. मिशनच्या मुलींच्या शाळांतून वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम शिकवण्याचा परिपाठ त्या काळी देशभर होता. पुढे एतद्देशीय स्त्रीसंस्थांनीही सुईकाम स्वीकारले. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने शिक्षणाला हस्तव्यवसायाची जोड दिली. लोकरीचा पुरवठाही ह्याच काळात सुलभ होत गेला. कानपूरची लोकर गिरणी १८७६ मध्ये व पंजाबातील धारीवालची १८८० मध्ये निघाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिकचा धागा आला. रंगीत, स्वस्त व धुण्यास सोपा असा तो धागा आज बाजारात ‘लोकर’ ह्याच नावाने विकला जातो, मग त्यात मेंढीचा एक केसही नसो.

परकी वस्तू घरची कशी होते, ह्याची साक्ष परिभाषा देते. साधनाचे नाव फ्रेंचच राहिले. ‘क्रोशा’ म्हणजे मुळात लहान आकडा. टाक्यांची नावे मात्र मराठी झाली: साखळी, खांब, मुका खांब. ही नावे कोणा भाषांतरकाराने कोशात बसून केलेली दिसत नाहीत. ओळ उभी राहताना तिच्यात घराचे खांब पाहणाऱ्या दृष्टीने ती दिली आहेत. वस्तूंचेही तसेच. कोल्हापूर भागात जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ शिवतात. उरलेल्या लोकरीचे चौकोन विणून ते जोडण्याची क्रोशाची रीत वाकळीच्या काटकसरीशी सहज जुळते. रुखवतात क्रोशाचे रुमाल व तोरणे मांडली जाऊ लागली, तेव्हा ह्या कलेच्या नागरिकत्वावर शिक्कामोर्तब झाले.

ऋतुमानानेही तिला साहाय्य केले. कोल्हापूरची थंडी काश्मीरची नव्हे. ती पहाटेची आणि संध्याकाळची थंडी आहे. तिला संपूर्ण अंगभर जाड वस्त्राची गरज नसते. कानटोपी, गळपट्टा, कुंची, झबले, पायमोजे एवढ्यावर भागते. अशा लहान वस्तू नवरात्रात हाती घेतल्या, तर मार्गशीर्षापूर्वी पुऱ्या होतात. दोन सुयांच्या विणकामात पुष्कळ फास एकाच वेळी सुईवर खुले असतात. क्रोशात बहुधा एकच. दूध उतू जाऊ लागले म्हणून काम खाली ठेवून उठावे लागले, तरी फार तर एक फास निसटतो. ज्या दिवसाचे शंभर तुकडे झालेले असतात, त्या दिवसातच बसणारे हे विणकाम आहे.

नेमका हाच गुण त्याच्या अवमूल्यनाचे कारण ठरला. तुकड्यातुकड्यांनी झालेले काम मोजणे कठीण. जे मोजले गेले नाही त्याला मोल नाही. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर येथील क्रोशाच्या लेसचा अभ्यास मारिया मीस ह्यांनी १९८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मिशनऱ्यांनी तेथे रुजवलेले हे काम निर्यातीचा धंदा बनले, व्यापारी सधन झाले. पण दिवसाचे अनेक तास सुई चालवणाऱ्या स्त्रिया ‘गृहिणी’च गणल्या गेल्या आणि त्यांचे काम फावल्या वेळचे मानले गेले. कागल परिसरातील क्रोशाकाम निर्यातीचे नव्हे, घरचे आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. परंतु ‘फावला वेळ’ ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे.

येथे औद्योगिक वसाहतीची तुलना उद्बोधक ठरते. कारखान्यात पाळी भोंग्याने सुरू होते, मागाचे फेरे मोजले जातात, कापडाच्या प्रत्येक मीटरमागे किती मिनिटे गेली ह्याचा हिशेब असतो. मागाचे व दोन सुयांचे विणकाम यंत्राने केव्हाच आत्मसात केले. खरे क्रोशाकाम मात्र आजही कारखानी पातळीवर यंत्राने होत नाही. बाजारात क्रोशासारखे दिसणारे यंत्रनिर्मित कापड वस्तुतः निराळ्या विणीचे असते. तेव्हा क्रोशाची प्रत्येक टोपी म्हणजे मानवी हाताचे निखळ तास होत. अत्यंत प्रगत मागालाही जे साधत नाही, तेच काम वसाहतीच्या कुंपणाबाहेर विनामोल गणले जावे, ही औद्योगिक इतिहासातील साधी विसंगती नव्हे.

ह्या तीन विणकामांपैकी यंत्रमागाची नोंद कारखान्याच्या दप्तरात राहते आणि घोंगडीची जातिव्यवसायांच्या वर्णनांत. क्रोशाची नोंद कोठेच होत नाही. तिचा दस्तऐवज म्हणजे ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेले, एका मुलाचे लहान झाल्यावर दुसऱ्याला घातलेले झबले. वस्त्रोद्योगाचा प्रादेशिक इतिहास लिहिताना ह्या दस्तऐवजाला साधनाचा दर्जा द्यावा लागेल. त्यातील टाके मोजता येतात, धाग्यावरून काळ ठरवता येतो, आणि टाक्यांवरून तासही काढता येतात. तो हिशेब मांडला गेला, तर भाषेने क्रियापदात जी समानता आधीच दिली आहे, ती ‘विणकर’ ह्या नामातही मान्य करावी लागेल.